नॅक येण्याआधी कर्मचाऱ्यांना आनंदी कसे करावे

अभिनंदन! कालपर्यंत तुमच्याकडे परीक्षा विभाग होता, सोबत वसतिगृहाचा अतिरिक्त कार्यभार होता. आजपासून तुम्ही ‘कर्मचारी कल्याण व समावेशन कक्षा’चे समन्वयकही झालात. आदेशात ‘कोणत्याही जादा मानधनाशिवाय’ हे शब्द ठळक केलेत, ते बघून खचू नका. कक्षाला जागा, माणूस आणि निधी यांपैकी काहीच मिळणार नाही, पण गोल शिक्का मिळेल. शिक्का आला की कक्ष स्थापन झाला, अशी आपल्याकडे जुनी रीत आहे.

मी या इमारतीत २२ वर्षं काढलीत, आवक-जावकपासून आस्थापनेपर्यंत सगळी टेबलं फिरलोय. तेव्हा वडीलकीच्या नात्याने चार शब्द सांगतो.

आधी नॅकचा, म्हणजे विद्यापीठ-महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या परिषदेचा, सातवा निकष वाचून काढा. स्त्री-पुरुष समानता, दिव्यांगांसाठी सोयी, सर्वसमावेशक वातावरण, सगळं त्यातच येतं. आणि पुरावा काय लागतो? जिओ-टॅग केलेला फोटो. कर्मचारी खरंच खूश होता का, हे कोणी विचारत नाही. तो कोणत्या अक्षांश-रेखांशावर खूश होता, तेवढं दिसलं की झालं. म्हणून कार्यक्रम नंतर ठरवा, फ्लेक्स आधी छापायला टाका. त्यावर कुलगुरूंचा फोटो मोठा, कुलसचिवांचा मध्यम, तुमचा तिकिटाएवढा. ज्यांचं कल्याण करायचं आहे त्यांच्यासाठी खाली ‘व समस्त कर्मचारी वृंद’ अशी एक ओळ पुरते.

कार्यक्रमाला विषय शोधत बसू नका, ताणतणाव घ्या. कामावरून येणाऱ्या थकव्याची दखल जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९मध्ये घेतली, हे प्रास्ताविकात टाका. बरं दिसतं. फक्त त्यात ‘नीट न हाताळलेला कामाचा ताण’ असं जे म्हटलंय, तिथे थांबू नका, नाहीतर तो हाताळायचा कोणी असा प्रश्न निघतो. कार्यशाळेचा मुहूर्त निकालाच्या आठवड्यातला शनिवार. उपस्थिती सक्तीची आणि सही दोनदा, येताना आणि जाताना. मध्ये पळून जाऊन कोणी तणावमुक्त होता कामा नये.

आमच्याकडे मागच्या वर्षी खुर्चीयोग झाला. इथे जरा तपशिलात जातो, कारण तुम्हाला पुढे उपयोग होईल.

पुनर्मूल्यांकनाच्या टेबलावर आमच्या एक ताई बसतात. त्यांच्या खुर्चीला पाच चाकं असायला हवीत, आहेत चार. पाचव्याच्या जागी २०१४च्या माहितीपुस्तिकांचा गठ्ठा सरकवलेला आहे. खुर्चीचा डावा हात उत्तरपत्रिकांच्या सुतळीने बांधलेला. उजव्या पायाचा अंगठा जमिनीत रोवून ठेवला की ती खुर्ची हलत नाही, आणि हे तंत्र ताईंनी इतकं आत्मसात केलंय की त्या जेवतानाही अंगठा रोवूनच बसतात. नव्या खुर्चीची नस्ती, म्हणजे फाइल, त्यांनी रीतसर चालवली होती. त्यावर भांडार विभागाचा शेरा आला, ‘जुनी खुर्ची निर्लेखित झाल्याशिवाय नवी अनुज्ञेय नाही.’ मग निर्लेखनाची, म्हणजे जुनी खुर्ची बाद ठरवण्याची, नस्ती चालवली. तिच्यावर शेरा, ‘सदर खुर्ची वापरात असल्याने निर्लेखित करता येत नाही.’ दोन्ही शेऱ्यांखाली सही एकाच माणसाची.

तर योगगुरू म्हणाले, “डोळे मिटा, शरीर सैल सोडा, आता दोन्ही पाय अलगद उचला.”

ताई म्हणाल्या, “सर, पाय उचलला तर मी पडेन.”

“हीच ती भीती,” योगगुरू प्रसन्न हसले, “आज आपल्याला सोडून द्यायची आहे.”

ताईंनी भीती सोडली. मग जो आवाज झाला तो खाली रोखपालाच्या खिडकीपर्यंत गेला. पण फोटो उत्तम आला. बरोबर त्या क्षणी अख्खं सभागृह हसत होतं, आणि ताई टेबलामागे गेल्याने चौकटीत नव्हत्या. वार्षिक अहवालात त्याखाली ओळ आहे: ‘कर्मचारी तणावमुक्त हास्याचा अनुभव घेताना’.

ताईंची कंबर लचकली. किरकोळ रजा वर्षाला आठ, त्यातल्या तीन कल्याणात गेल्या.

समावेशनाचं काम त्या मानाने सोपं, बांधकाम विभागावर ढकलता येतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिलेत, आपल्याला मात्र रॅम्प तेवढा कळतो. रॅम्पला उतार किती हवा? एकास बारा. म्हणजे तीन फूट चढायला छत्तीस फूट लांबी. आमच्या पोर्चमध्ये पंधराच फूट मोकळे होते, पुढे साहेबांची गाडी लागते. ठेकेदाराने पंधरा फुटांत बसवला. त्यावरून व्हीलचेअर वर जात नाही, खाली मात्र फार वेगाने येते. उद्घाटन दिव्यांग सहकाऱ्याच्या हस्तेच करा. त्याला मागच्या दाराने दोघांनी उचलून वर आणावं लागेल, ती बाजू कॅमेऱ्यात घेऊ नका. नॅकची समिती येते त्या दिवशी रॅम्पच्या तोंडाशी शोभेच्या दोन कुंड्या ठेवतात. कोणी चढून बघू नये म्हणून.

अंतर्गत तक्रार समितीचा फलक तपासून घ्या. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणाऱ्या २०१३च्या कायद्याप्रमाणे तो दर्शनी भागात लागतो, आमचा कपाटामागे आहे, पण कपाट दर्शनी भागात आहे. त्यावरच्या अध्यक्षा निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. तरी नंबर बदलू नका. त्या अजून फोन उचलतात आणि ऐकूनही घेतात, एवढी सोय कार्यरत माणसाकडून होईलच असं नाही. शेजारी ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचं पोस्टर लावा, १४४१६. सरकारी सेवा आहे, २०२२पासून चालू आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. कार्यालयीन वेळेत खाजगी फोन करू नये हे परिपत्रकही त्याच भिंतीवर आहे, ते थोडं बाजूला सरकवा. आठ मार्चला गुलाब असतातच. वर्गणी, आणणं, वाटणं आणि नंतर देठ झाडणं, सगळं महिलाच बघतात. तुम्ही फक्त भाषणाला या.

आता राहिला टीमचा प्रश्न. सोमवारी सकाळी प्रत्येकाने ‘अपडेट’ द्यायचं, तक्त्यात हिरवा-पिवळा-लाल रंग भरायचा. हे आमच्याकडे इतकं अंगवळणी पडलंय की सोमवारचा अर्धा दिवस गेल्या आठवड्यात काय केलं ते लिहिण्यात जातो आणि पुढच्या सोमवारी पहिली ओळ असते, ‘मागील आठवड्याचे अपडेट सादर केले’. हिरवा. व्हॉट्सअ‍ॅप गटाचं नाव ‘आपला परिवार’ ठेवा. त्यात कोणी निवृत्त झालं की शाल-श्रीफळाचा फोटो टाका आणि त्याच संध्याकाळी त्याचं टेबल शेजारच्याला ‘पुढील आदेशापर्यंत’ द्या. पुढील आदेश मी अजून पाहिलेला नाही.

परिवारात कोणाला घ्यायचं ते मात्र जपून. हा सगळा तक्ता भरतो तो आमचा कंत्राटी ऑपरेटर. त्याचा करार ११ महिन्यांचा, पगार एजन्सीकडून, तोही एजन्सीला आठवला की. परिनियमांप्रमाणे तो ‘कर्मचारी’ नाही, त्यामुळे त्याचं कल्याण तुमच्या कक्षेत येत नाही. खुर्चीयोगाच्या फोटोत तुम्हाला तो सापडणार नाही. काढला त्यानेच होता. जिओ-टॅगचं अ‍ॅपही त्याच्याच मोबाइलमध्ये, त्याच्याच डेटा पॅकवर. त्याच्या दोन करारांमधल्या खंडाचा दिवस टाळूनच कार्यक्रमाची तारीख धरा, नाहीतर तुमच्या आनंदाला अक्षांश मिळणार नाही.

आणि हो, त्या खुर्चीचं विचाराल. पडल्यापासून ती वापरात नाही, म्हणजे निर्लेखनाला आता कसलीच अडचण नव्हती. मी स्वतः नस्ती घेऊन वर गेलो. पण अहवाल लिहिताना कोणीतरी फोटोतल्या सगळ्या खुर्च्या ‘कल्याण कक्षाची साधनसामग्री’ म्हणून दाखवल्यात, नगांच्या संख्येसहित. समिती येऊन जाईपर्यंत एकही नग हलवता येत नाही. ताई सध्या स्टुलावर बसतात. तुमच्या कक्षाचा गोल शिक्काही त्यांच्याच टेबलावर आहे, जाता-जाता घेऊन जा. शाईचा पॅड तेवढा तुमचा तुम्ही आणा.