आधी बाकी भरा, मग टीसी
बीकॉम अर्धवट सुटलं होतं, आता परत शिकायचंय, नवीन कॉलेज घ्यायला तयार आहे पण टीसी (जुनं कॉलेज सोडल्याचा दाखला) आणा म्हणतंय आणि जुन्या कॉलेजातला क्लार्क म्हणतो आधी बाकी भरा, नो ड्यूजवर लायब्ररीपासून जिमखान्यापर्यंत सगळ्यांच्या सह्या आणा (जिमखाना कुठे होता देव जाणे), मग बघू. बाकी कसली, तर महाडीबीटीची (राज्य सरकारच्या पोर्टलवरची) स्कॉलरशिप जी आलीच नाही!! म्हणजे सरकारचं देणं माझ्या बोकांडी. बारावीची ओरिजिनल मार्कशीटपण त्यांच्याच कपाटात. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१८ मध्येच सांगितलंय ओरिजिनल कागद अडवून ठेवायचे नाहीत, ते दाखवलं तर म्हणे इथे आमचे नियम चालतात. अरे शिकूच दिलं नाहीत तर कमवू काय आणि फेडू काय? हप्ते पाडून द्या म्हटलं तर साहेब जेवायला गेलेत. सकाळी अकरा वाजता!