चौदातले पाच

विक्रमने परवा आमच्या ग्रुपवर आफ्रिकेच्या सर्वकालीन सर्वोत्तम अकरा फुटबॉलपटूंची यादी टाकली. तीत उजव्या बॅकच्या, म्हणजे उजव्या बचावपटूच्या, जागी ट्युनिशियाचा हातेम त्राबेल्सी होता आणि त्याच्याच संघातला स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, राधी जायदी याचे नाव राखीव खेळाडूंतसुद्धा नव्हते, एवढे कारण भांडणाला पुरेसे होते. रात्री साडेनऊला आबा कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर आले ते फेसाळ दुधाचा ग्लास हातात घेण्याआधीच विक्रमकडे वळले.

“एकाच ट्युनिशियाचे दोन बॅक, दोघांनी मिळून आफ्रिकेचा कप घरी आणला, आणि तुझ्या यादीत त्यातला एकच कसा?”

आबांनी पंधरा वर्षे पेठेच्या संघात स्टॉपर म्हणून काढली आहेत आणि डाव्या भुवईवरची टाक्यांची खूण हे त्यांचे प्रमाणपत्र आहे. विक्रम त्याच संघात उजवा बॅक होता. आता तो सामने दुप्पट वेगाने पाहतो, गोल नसलेला भाग पुढे ढकलतो आणि मग त्या भागाविषयी ठाम मत देतो.

“आबा, भावना बाजूला ठेवा,” असे म्हणून त्याने मोबाईल काढला. “त्राबेल्सी नेदरलँड्सच्या आयाक्समध्ये पाच वर्षे खेळला. इब्राहिमोविच आणि व्हॅन डर व्हार्ट ज्या संघात होते, त्या संघातून तो 2003 मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. मँचेस्टर सिटीकडून त्याने थेट मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर गोल मारला, तोही डाव्या पायाने. तुमचा जायदी इंग्लंडमध्ये बोल्टन, बर्मिंगहॅम, साउदम्प्टन अशा उतरत्या पायऱ्यांनी तिसऱ्या श्रेणीत पोचला.”

“ओल्ड ट्रॅफर्डवरच्या त्या सामन्याचा निकाल सांग.”

“निकालाचा इथे काय संबंध?”

“3-1 हरले,” बंड्याने कट्ट्याच्या कडेवरून सांगितले. बंड्याला फुटबॉलमधले फारसे कळत नाही, पण त्याला निकाल पाठ असतात.

आबांनी त्राबेल्सीला नावे ठेवली नाहीत, हे इथे नोंदवले पाहिजे. तो अव्वल खेळाडू होता आणि 1998, 2002 आणि 2006 असे तीन विश्वचषक खेळला हे त्यांनी आधीच मान्य केले. त्यांचे म्हणणे एवढेच होते, की बॅक पुढे धावला तर तो कॅमेऱ्यात येतो, आणि तो धावला म्हणून जी जागा उघडी पडते ती बुजवणारा स्टॉपर कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर राहतो. हे बोलताना ते विक्रमकडे का पाहत होते, ते कट्ट्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक होते.

“बोल्टनला तू हसतोस,” ते पुढे म्हणाले. “त्यांचा मॅनेजर सॅम अलार्डाइसने 2004 च्या उन्हाळ्यात जायदीला एक पैसा न मोजता आणला, आणि प्रीमियर लीगमध्ये खेळलेला तो पहिला ट्युनिशियन ठरला. सप्टेंबरमध्ये बोल्टन आर्सेनलच्या मैदानावर, हायबरीवर गेले. आर्सेनल तेव्हा हरायचे कसे हेच विसरले होते. तिथे 2-2 अशी बरोबरी झाली आणि बोल्टनचा पहिला गोल तुझ्या या पायऱ्या उतरणाऱ्या माणसाने केला. मे महिन्यात बोल्टन लीगमध्ये सहावे आले. लिव्हरपूलचे 58 गुण आणि त्यांचेही 58. क्लबच्या इतिहासात पहिल्यांदाच युरोपीय स्पर्धेचे दार उघडले.”

“लांब थ्रो आणि कॉर्नर, दुसरे काय होते त्या संघाकडे?”

“जे-जे ओकोचा होता,” मी म्हणालो, कारण मला राहवले नाही. फेब्रुवारी 2004 मध्ये आफ्रिका चषकाच्या उपांत्य सामन्यात ओकोचा नायजेरियाकडून आणि जायदी ट्युनिशियाकडून राडेसच्या मैदानावर समोरासमोर होते. तो सामना पेनल्टी शूटआउटवर ट्युनिशियाने घेतला, त्यानंतर अंतिम सामन्यात मोरोक्कोला 2-1 हरवून आपला पहिला आफ्रिका चषक जिंकला, आणि सहा महिन्यांच्या आत ओकोचा आणि जायदी बोल्टनमध्ये एकाच ड्रेसिंग रूममध्ये कपडे बदलू लागले. विक्रमच्या मोबाईलमध्ये ओकोचाच्या करामतींच्या चित्रफिती आहेत. त्या करामती चालू असताना मागे घर कोण राखत होते, हे त्यात दिसत नाही.

विक्रमचा पुढचा मुद्दा वयाचा होता. जायदी इंग्लंडला गेला तेव्हा एकोणतिशीत होता. त्याआधीची सगळी वर्षे ट्युनिसच्या एस्पेरांसमध्ये गेली, म्हणजे तो घरच्या लीगमध्ये गंजत बसला, असे त्याने ठासून सांगितले.

आबांनी मिशीवरचा फेस पुसला. “1998 पासून 2004 पर्यंत एस्पेरांसने सलग सात वेळा लीग जिंकली. सात वर्षे एकाच घराच्या दाराला जी कडी लागली होती, ती गंजलेली होती असे म्हणण्याआधी एकदा ओढून पाहावी. आणि तू पुण्याला नोकरीला गेलास तेव्हा तुझे वय किती होते रे?”

विक्रम बत्तिसाव्या वर्षी गेला होता. हा प्रश्न नियमाला धरून नव्हता, पण हशा पिकला.

साउदम्प्टनविषयी मात्र आबा हळू आवाजात बोलले. क्लब तिसऱ्या श्रेणीत घसरलेला, वर दहा गुणांच्या दंडाने 2009 चा हंगाम उणे दहावरून सुरू करायचा, अशा वेळी शंभराहून अधिक आंतरराष्ट्रीय सामने खेळलेला माणूस चौतिशीत तिथे गेला. 2011 मध्ये संघ वर चढला, 2012 मध्ये आणखी एक पायरी चढून प्रीमियर लीगमध्ये पोचला आणि त्याच वर्षी जायदीने बूट उतरवून तिथल्याच तरुण पोरांना शिकवायला घेतले. “पायऱ्या उतरताना तुला दिसला,” आबा म्हणाले, “चढताना दिसला नाही, कारण तोपर्यंत तू चित्रफीत पुढे ढकलली होतीस.”

यावर उत्तर नव्हते, म्हणून विक्रमने आपले नेहमीचे अस्त्र काढले. शेवटी फुटबॉल गोलांवर चालतो आणि इतिहास गोल मारणाऱ्यांचाच लिहिला जातो, असे तो म्हणाला.

आबा जणू याचीच वाट पाहत होते. त्यांनी ग्लास कट्ट्यावर ठेवला आणि उजव्या हाताची बोटे उघडली. “1978, रोझारिओ, ट्युनिशियाची मेक्सिकोवर 3-1 अशी मात, विश्वचषकात आफ्रिकेचा पहिला विजय. त्यात गोल अली काबी आणि मुख्तार धुईबचे, दोघेही बॅक. 2002 मध्ये ट्युनिशियाचा संपूर्ण स्पर्धेत एकच गोल, तो बेल्जियमविरुद्ध फ्री किकवर डावा बॅक बुझायनचा. 2018 मध्ये पुन्हा बेल्जियम, ब्रॉनचा हेडर, तोही बॅक. आणि 2006 मध्ये म्युनिक.” पाचवे बोट त्यांनी थोडा वेळ तसेच धरले. सौदी अरेबिया 2-1 ने पुढे, नव्वद मिनिटे संपलेली, उजवीकडून झियाद जझिरीचा क्रॉस, आणि सगळे सोडून पुढे आलेला जायदी हवेत. 2-2. “2022 पर्यंतच्या सगळ्या विश्वचषकांत मिळून ट्युनिशियाचे गोल चौदा. त्यातले पाच बॅकचे. तुझ्या त्राबेल्सीचा त्यात एकही नाही.”

बंड्याने मोबाईलवर मोजून पाहिले आणि हिशेब बरोबर असल्याचे जाहीर केले.

“बॅक गोल करतात हे विक्रमला तुम्ही काय सांगता?” तो निरागसपणे पुढे म्हणाला. “शाहू स्टेडियमवर त्याने केलेला विसरलात का? फक्त गोलपोस्ट चुकला होता.”

अठरा वर्षे झाली त्या गोष्टीला. विक्रम त्राबेल्सीसारखा पुढे धावत गेला होता, चेंडू हरवून तितक्याच वेगाने मागे आला आणि आबा झेपावण्याआधी त्याने हेडने चेंडू आमच्याच जाळ्यात घातला. “करीम हाग्गीने 2009 मध्ये जर्मनीच्या हॅनोव्हरकडून एकाच सामन्यात दोन सेल्फ गोल केले होते,” बंड्याने त्याचे सांत्वन केले. “तोही ट्युनिशियाचाच स्टॉपर. तुझा निदान एकच आहे.”

“गोलरक्षकाने हाक दिली नव्हती,” विक्रम म्हणाला. अठरा वर्षांत हे वाक्य बदललेले नाही. मी हाक दिली होती, हे माझे वाक्यही बदललेले नाही.

आबा इतके हसले की दूध सदऱ्यावर सांडले. अखेर त्यांच्या आग्रहाखातर विक्रमने यादी तिथल्या तिथे दुरुस्त करून ग्रुपवर टाकली. जायदी आत आला होता, त्राबेल्सीही जागेवर होता. जागा करण्यासाठी त्याने गोलरक्षकाला काढले होते.