सायकलस्वाराला भरपाई मागता येत नाही, असे कोणत्या कायद्यात लिहिले आहे?

गेल्या आठवड्यात आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात एक लांबलचक संदेश आला. रस्ते मोटारवाल्यांच्या करातून होतात, म्हणून फुकट्या सायकलवाल्यांचा त्यांवर हक्क नाही. सायकलमार्ग हे परदेशी खूळ असून त्याने कोंडी वाढते. आणि सायकलवाल्याकडे ना परवाना असतो ना विमा, म्हणून मोटारीने त्याला उडवले तरी त्याला एक रुपयाही मागता येत नाही, असे त्यात ठासून लिहिले होते. आमच्या मेव्हण्यांनी तो शहानिशा न करता पुढे पाठवला आणि चुलतभावाने तो काकांना वाचून दाखवला.

काका 58 वर्षांचे आहेत, सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत यंत्रमागावर काम करतात आणि रोज सायकलनेच जातात. पाच महिन्यांपूर्वी पहाटेच्या पाळीला जाताना मागून आलेल्या टेम्पोने त्यांना पाडले आणि त्यांच्या मनगटाचे हाड मोडले. चालकाने तीन हजार रुपये हातावर ठेवून विषय मिटवला. संदेश ऐकल्यावर काका म्हणाले, "म्हणजे त्यानं तीन हजार दिले, ते उपकारच म्हणायचे की." या एका वाक्यामुळे मी हे लिहायला बसलो आहे, आणि म्हणून शेवटचा मुद्दा आधी घेतो.

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 146 नुसार रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक मोटार वाहनाचा त्रयस्थ पक्षासाठी विमा असणे सक्तीचे आहे. हा त्रयस्थ म्हणजे वाहनाखाली सापडणारा कोणीही: पादचारी, सायकलस्वार, हातगाडीवाला. विमा धडक देणाऱ्याने काढायचा असतो, धडक खाणाऱ्याने नव्हे. ज्याच्या संरक्षणासाठी ही सक्ती झाली, त्यालाच 'तुझा विमा कुठे आहे' असे विचारणे म्हणजे कायदा उलटा वाचणे आहे. सायकल या कायद्याच्या व्याख्येत 'मोटार वाहन' नाही, म्हणून तिला नोंदणी, परवाना किंवा विमा लागत नाही. पण त्यावरून सायकलस्वाराचे हक्क संपतात, असे त्या कायद्यात कुठेही म्हटलेले नाही.

भरपाईचे मार्गही स्पष्ट आहेत. चालकाची चूक दाखवून कलम 166 खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे दावा करता येतो, आणि जखमी व्यक्ती जिथे राहते तिथल्या न्यायाधिकरणाकडेही तो करता येतो. चूक कोणाची हे सिद्ध करण्याच्या फंदात पडायचे नसेल, तर कलम 164 नुसार मृत्यूसाठी 5 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये ठरलेले आहेत. हाड मोडणे ही कायद्याने गंभीर दुखापतच आहे. धडक देणारे वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तरी कलम 161 खाली 2022 पासून मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी 50 हजार रुपये सरकारी योजनेतून मिळतात. यांपैकी एकाही कलमात सायकलस्वाराला वगळलेले नाही. हा संदेश आमच्या काकांसारख्या किती जणांना घरी बसवत असेल, याचा विचार तो पुढे ढकलणाऱ्यांनी करायला हवा होता.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. विरुद्ध दिशेने येणारे, रात्री दिवा किंवा साधा लाल परावर्तकही नसलेले सायकलस्वार आपल्या शहरात आहेत, आणि कलम 166 खालच्या दाव्यात त्यांची स्वतःची चूक सिद्ध झाली तर भरपाई कमी होते. पण कमी होणे वेगळे आणि मागताच न येणे वेगळे.

कराचा मुद्दा त्या मानाने लवकर संपतो. मोटार वाहन कर राज्य शासनाच्या तिजोरीत जातो. शहरातील रस्ते बांधणे आणि राखणे हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 63 नुसार महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे आणि त्यासाठीचा पैसा मालमत्ता करातून व शासकीय अनुदानातून येतो. काका घरपट्टी भरतात, आणि सायकल विकत घेतानाही कर द्यावाच लागतो. शिवाय रस्त्याची झीज वाहनाच्या आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते, म्हणजे भार दुप्पट झाला तर झीज सोळापट होते, हे अमेरिकेत 1958 ते 1960 या काळात झालेल्या चाचण्यांतून दिसले आणि आपल्याकडील रस्त्यांच्या रचनेतही हाच हिशेब धरतात. स्वारासह 90 किलोची सायकल आणि माणसांसह 1350 किलोची मोटार घेतली, तर भार 15 पट आणि झीज सुमारे 50 हजार पट होते. मग फुकटा कोण?

परदेशी खूळ म्हणावे, तर रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस (आयआरसी) या संस्थेने सायकलमार्गांचे निकष 1962 मध्येच प्रसिद्ध केले आहेत. 2011 च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामे करणाऱ्यांपैकी सुमारे 13 टक्के लोक सायकलने कामावर जात होते. मोटारीने जाणारे 3 टक्क्यांहूनही कमी होते. पुण्यातील अनेक सायकलमार्ग वापराविना पडून आहेत, हे संदेशातील विधान खोटे नाही. मात्र तुटक मार्ग आणि त्यांवर उभी केलेली वाहने पाहिली की त्याचे कारण कळते, आणि पादचारी मार्ग किंवा सायकलमार्गावर मोटार वाहन चालवण्यास नियमानेच बंदी आहे. सोलापुरातल्या कोंडीचा दोष सायकलींवर ढकलणाऱ्याने गाळप हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या उसाच्या ट्रॅक्टरमागे एकदा उभे राहून पाहावे.

कलम 166 खालचा दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करायचा असतो आणि काकांचे पाच महिने उलटून गेले आहेत. क्ष-किरणाची फिल्म, रुग्णालयाचे कागद आणि चुलतभावाने त्या दिवशी फोनमध्ये टिपलेला टेम्पोचा क्रमांक एवढे हाताशी आहे. सोमवारी आम्ही ते घेऊन वकिलांकडे जाणार आहोत, आणि मेव्हण्यांना मी सोबत यायला सांगितले आहे.