हरणाऱ्याच्या हाती चेंडू लागू द्या की

आमच्या फॅमिली ग्रुपवर आयपीएलवरून पुन्हा जुंपली आणि दादाने (माझा चुलतभाऊ, कोल्हापूरला असतो, क्लब क्रिकेट खेळलेला) ठोकून दिलं की इम्पॅक्ट प्लेअर (मॅच चालू असताना अकरातल्या एकाच्या जागी बदली खेळाडू आणायचा नियम) ही सगळी अमेरिकन थेरं आहेत, त्या लोकांच्या खेळाला ना मूळ ना परंपरा, टीव्हीवाल्यांना पाहिजे म्हणून दरवर्षी नियम बदलतात आणि आपले लोक ते आंधळेपणाने उचलतात. पुरावा म्हणून एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधल्या ऑनसाइड किकच्या वादाची बातमी टाकली आणि खाली मला (मी अमेरिकेत असते) टॅग करून, "तुमच्याकडे तर हरणाऱ्यालाही वर काढायची सोय करतात." माझा अख्खा लंच ब्रेक त्या रागात गेला. ग्रुपवर एवढं लांब कोणी वाचत नाही म्हणून इथे लिहितेय.

आधी ऑनसाइड किक म्हणजे काय ते सांगते, कारण दादाने बातमी टाकली पण वाचलेली दिसत नाही. ज्या टीमने पॉइंट केले तिने नंतर चेंडू लांब मारून समोरच्यांना द्यायचा असतो, तो किकऑफ. आता समजा शेवटची दीड मिनिटं उरलीयत, तुम्ही मागे आहात, आत्ताच टचडाउन करून पॉइंट घेतलेत. चेंडू दिला की समोरचे घड्याळ संपवून टाकणार. मग लांब न मारता मुद्दाम जवळच मारायचा. तो दहा यार्ड गेला की तुम्हीही उचलू शकता, ज्याच्या हाती लागेल त्याचा. चेंडू लांबुळका, टप्पा कुठे पडेल कोणी सांगू शकत नाही. दहा-बारा माणसं त्यावर तुटून पडतात आणि रेफरी एकेकाला त्या ढिगातून बाजूला करतो तोवर कुणालाच माहीत नसतं खाली तो नक्की कोणी धरलाय.

२०२० च्या सप्टेंबरात डॅलसच्या ग्रेग झुर्लाइनने टीशिवाय (टी म्हणजे चेंडू उभा ठेवायचा छोटा स्टँड) नुसता जमिनीवर ठेवलेला चेंडू असा मारला की तो भोवऱ्यासारखा गरगरत सावकाश पुढे सरकला आणि अटलांटाचे खेळाडू त्याच्याभोवती उभे राहून बघत बसले. खरं तर त्यांना दहा यार्डांची वाट बघायची गरजच नव्हती, ते कधीही उचलू शकले असते. दहा यार्ड झाले, डॅलसने झडप घातली, मॅच ४०-३९ जिंकली. मी फिलाडेल्फियाच्या बाजूच्या न्यू जर्सीत राहते, इथे सगळे फिलाडेल्फियाच्या ईगल्सचे, डॅलसचं कौतुक करणं पाप आहे, तरी मी ते करतेय.

आता नियम का बदलले ते बघ दादा. किकऑफला दोन्हीकडून माणसं पूर्ण वेगाने धावत येऊन आदळायची, डोक्याला मार बसायचा. म्हणून २०१८ मध्ये मारणाऱ्या टीमची मागून धावत यायची मुभा काढली आणि चेंडूच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच माणसं सक्तीची केली. परिणाम असा की आदल्या वर्षी साधारण पाचातली एक ऑनसाइड किक जमायची, ती दहातली एकही जमेना. टीव्हीसाठी नाही, माणसांच्या डोक्यासाठी झालं हे, आणि ऑनसाइड किक त्यात नाहक भरडली गेली. २०२४ मध्ये अख्खा किकऑफच बदलला, आणि ऑनसाइड मारायची तर आधी रेफरीला सांगायचं, तेही मागे असाल तरच आणि चौथ्या, म्हणजे शेवटच्या क्वार्टरमध्येच. २०२५ मध्ये क्वार्टरची अट गेली पण आधी सांगणं आहेच. २०१० च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे फायनलमध्ये, न्यू ऑर्लीन्सने ६-१० असे मागे असताना सेकंड हाफची सुरुवातच अचानक ऑनसाइड मारून केली, पुढे मॅच काढली. ती खेळी आज होऊच शकत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

यावर उपाय म्हणून आमच्या ईगल्सनी वारंवार मांडलेला प्रस्ताव असा, की किक सोडा, त्याऐवजी एकच डाव खेळू द्या, आधी फोर्थ अँड फिफ्टीन (एका डावात पंधरा यार्ड पुढे जायचं) म्हणाले, नंतर फोर्थ अँड ट्वेंटी (वीस यार्ड). जमलं तर चेंडू तुमचाच. डेन्व्हरनेही २०१९ मध्ये असंच काहीसं मांडलं होतं. टीम माझी असली तरी मला हे पटत नाही. ज्याच्याकडे भारी क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) त्यालाच ती संधी मिळणार. ऑनसाइड किकमध्ये ज्यांची नावं कोणाला पाठ नाहीत अशी माणसं मॅच फिरवतात, ते जाईल.

पण बघ, ईगल्सनी मांडला, छापील मांडला, कोणीही वाचावा, बत्तीस टीमपैकी चोवीस मतं लागतात, ती पडली नाहीत, विषय संपला. २०२५ मध्ये आमच्याच टश पुशवर (क्वार्टरबॅकला मागून ढकलून पुढे न्यायचा डाव) बंदी आणायला बावीस मतं पडली, दोन कमी, म्हणून वाचला. आणि तिकडे भारतात? रोहित शर्मा भारताचा कॅप्टन असताना उघड म्हणाला की मला इम्पॅक्ट प्लेअर आवडत नाही, ऑलराउंडर मागे पडतायत, शिवम दुबेसारख्यांना बॉलिंग मिळत नाही. तरी २०२७ पर्यंत तो नियम चालू ठेवलाच ना? मग अमेरिकेला कशाला शिव्या!

हे सगळं मी तावातावाने लिहिलं खरं, पण त्यामागे आणखी एक आहे. मी इथे आले तेव्हा सोमवारी ऑफिसात सगळे मॅचवर बोलायचे आणि मी नुसती मान डोलवायचे. लहानपणापासून बापाच्या मांडीवर बसून बघितलेल्या लोकांशी मी कुठे बरोबरी करणार. मग मार्चमध्ये येणारे नियमबदलाचे प्रस्ताव वाचायला लागले, कारण ते लिहिलेले असतात, वाचून कळतात. २०२४ चा किकऑफ आला तेव्हा शेजाऱ्याच्या बेसमेंटमध्ये जमलेले सगळे, त्यातले दोघे तर आयुष्यभराचे सीझन-तिकीटवाले, मला विचारत होते की आता माणसं इकडे का उभी आहेत, हलायचं कधी. त्या दिवशी मी पाहुणी नव्हते.

आणि भारतात गेले की उलटं होतं. मी शाळेत खो-खो खेळले, सगळं अंगात मुरलेलं, आणि टीव्हीवर अल्टिमेट खो-खो ही लीग लावली तर नऊऐवजी सात जण आणि वजीर म्हणून एक जण कुठल्याही दिशेला पळतोय. आयपीएलमध्ये बारावा माणूस बॅटिंगला कसा आला ते भाच्याला विचारावं लागतं, तो सांगतो, पण "मावशी, तुला एवढंही माहीत नाही?" असं म्हणून. बदललेला नियम मला इथे आत घेतो आणि तिथे दाराबाहेर ठेवतो. त्यामुळे दादा जेव्हा म्हणतो की तुमच्याकडे असं नि तुमच्याकडे तसं, तेव्हा मी इथली बाजू जरा जास्तच घेते, हे मला कळतं.

तरी ऑनसाइड किकचं माझं म्हणणं बदलत नाही. पाच-पाचची सक्ती सैल करा, एका बाजूला जास्त माणसं उभी राहू देत, आणि आधी सांगायची अट काढा. फोर्थ अँड ट्वेंटी नको. आणि दादा, पुढच्या वेळी बातमी टाकायच्या आधी ती अटलांटाची मॅच बघ, शेवटची दोन मिनिटं बघितलीस तरी पुरे, मग भांडू.