केसपेपरवर लिहिलं, "घरी पडला"

आगोटची (पावसाळ्याआधीची) कामं सुरू झाली की आमच्या वाडीत निम्मी माणसं वरतीच असतात, कोण कौलं परततोय, कोण माडाच्या झावळ्या उतरवतोय, कोण पत्र्यांचे बोल्ट आवळतोय. गेल्या आठवड्यात पलीकडच्या वाडीत एक पोरगा पोफळीवरून पडला (हातावर निभावलं, बरा आहे) आणि त्याला गाडीत घालताना कुणीतरी म्हणालंच, "डॉक्टराक घराकडे पडलो म्हणान सांगा, नायतर पोलीस येतले." माझ्या पोटात गोळा आला. हेच वाक्य ३ वर्षांपूर्वी माझ्यासमोर बोललं गेलं होतं आणि तेव्हा मी मान डोलावली होती. म्हणून आज लिहितोय, लांब झालं तर झालं.

मे २०२३. आमच्या मांगराचे, म्हणजे गवत-सामान ठेवायच्या छपराचे, पत्रे बदलायचे होते. कंत्राटदार ओळखीचाच, त्याने सकाळी एक माणूस पाठवला, वय ४०, हजेरी ६०० रुपये. सिमेंटचा जुना पत्रा कसा असतो माहितीय ना, वरून शेवाळ सुकून काळा ठिक्कर, दगडासारखा दिसतो आणि आतून बिस्किट. वासा कुठे आहे ते बोल्टच्या ओळीवरून ओळखायचं आणि पाय त्याच ओळीवर टाकायचा, किंवा सरळ आडवी फळी टाकून फळीवरून चालायचं. फळी आमच्या पडवीतच उभी होती. कोणी त्याला दिली नाही, त्यानेही मागितली नाही, एका दिवसात काम उरकायचं होतं सगळ्यांना. कड् असा एकच आवाज आणि तो खाली, गवताच्या गंजीपासून हातभर बाजूला, दोन्ही टाचांवर.

मग आम्ही काय केलं तर दोघांनी बगलेत धरलं, दोघांनी पाय धरले आणि कोंबला रिक्षात. हे करू नका रे बाबांनो. उंचावरून टाचांवर पडलेल्या माणसाचा कमरेचा मणकाही दबलेला असू शकतो, धक्का टाचेतून सरळ वर जातो. त्याला हलवायचंच नाही, १०८ ची ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तिथेच सरळ निजवून ठेवायचं, आणि हलवायचीच पाळी आली तर पाठ न वाकवता फळीवर घेऊन. तीच फळी, पडवीत उभी होती ती.

दवाखान्यात कंत्राटदार माझ्या कानाला लागला, "लफडा नको, घरी पडला सांग." केसपेपर मी काढला. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, कसं लागलं? मी सांगितलं, घरी पडला. दोन शब्द. एका टाचेचा चुरा, मणका फ्रॅक्चर, पुढे गोव्यात बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवलं, स्क्रू घातले, आणि महिन्याभराने कंत्राटदाराने २०,००० रुपये देऊन स्टॅम्पपेपरवर सही घेतली की माझी कसलीही तक्रार नाही. वाडीत सगळे म्हणाले, बघा, देवमाणूस, एवढी मदत कोण करतो! मीपण म्हणालो.

दीड वर्षाने मी त्याला भेटायला गेलो तर तो खाटेवर बसून जाळं विणत होता, उभं राहून काम होत नाही आता. त्याने फाईल काढली, केसपेपर दाखवला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "दादा, मी तुमच्या मांगरावरसून पडलंय, माझ्या घराकडे खय?"

त्या रात्री झोप लागली नाही. मग वकील असलेल्या मित्राला विचारलं, त्याने सांगितलं ते ऐकून मी थक्क. १९२३ सालचा कायदा आहे, कामगार नुकसानभरपाईचा, इंग्रजांच्या काळातला (आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत घेतलाय, पण आमचा अपघात आधीचा म्हणून जुनाच लागतो). त्यात बांधकाम-दुरुस्तीचं काम येतं, इमारत एकमजली असली तरी जमिनीपासून छपराच्या टोकापर्यंत १२ फूट किंवा जास्त असली की झालं. आमचा मांगर १४ भरला, मी स्वतः टेप लावून मोजला. रोजंदारीवर एक दिवस आलेला माणूसही कामगारच. चूक कोणाची हा प्रश्नच येत नाही, "त्याने फळी घेतली नाही" हे उत्तर चालत नाही. दारू पिऊन चढला किंवा स्पष्ट सांगितलेला सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडला तर मालक (म्हणजे कामाला लावणारा, इथे कंत्राटदार) सुटू शकतो, पण मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर तीही पळवाट बंद.

आणि हिशोब बघा. पगार जास्तीत जास्त १५,००० धरतात, त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा, चाळिशीला १८४.१७. पूर्ण अपंगत्वाला १६,५७,५३० रुपये. डॉक्टरने कमाईची ताकद ३० टक्के गेली असं लिहिलं तरी ४,९७,२५९. औषधपाण्याचा खरा खर्च वेगळा, तोही मालकानेच द्यायचा. एक महिन्यात दिले नाहीत तर वर्षाला १२ टक्के व्याज. आणि तो स्टॅम्पपेपर? हक्क सोडल्याची सही कायद्याने रद्दबातल, कागद शेगडीत घाला. तेव्हा २०,००० ही मदत नव्हतीच, देण्यातला एक तुकडा होता.

पण अर्जाला मुदत २ वर्षांची, आमच्या हातात ४ महिने उरलेले, आणि कागदावर माझेच दोन शब्द. समोरचा वकील तेच दाखवणार ना! शेवटी अर्ज टाकला आणि मी ॲफिडेव्हिट केलं की केसपेपरवर मी खोटं सांगितलं. आणि फोनमध्ये त्या सकाळचा कंत्राटदाराचा व्हॉट्सॲप मेसेज सापडला, "माणूस पाठवतोय, शिडी काढून ठेवा." तो मेसेज आज सगळ्यात भक्कम पुरावा आहे. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळाला.

एक गोष्ट मात्र राहवत नाही म्हणून सांगतो. बांधकाम कामगार मंडळात त्याची नोंदणी नव्हती, कारण वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि कंत्राटदार त्यावर सही करायला तयार नव्हता. आणि त्या दिवशी वरून मी पडलो असतो तर? माझ्या नावावर सातबारा आहे, शेतकरी अपघाताच्या गोपीनाथ मुंडे योजनेत मी अर्ज करू शकलो असतो. माझ्या मांगरावर चढणाऱ्याला ती वाट नाही, कारण त्याच्या घरात कुणाच्याच नावावर गुंठाही नाही.

ज्यांच्या घरी या महिन्यात माणसं वर चढणार आहेत त्यांनी फळी द्या, बोल्टची ओळ दाखवा, आणि देव न करो पण कोणी पडलाच तर काउंटरवर "कामावर पडला, अमक्याच्या छपरावरून" एवढंच सांगा. पोलीस आले तर जबाब घेतील. मला तेव्हा वाटत होतं काय आभाळ कोसळणार आहे.

कंत्राटदार आता माझ्याशी बोलत नाही, बाजारात दिसला की रस्ता बदलतो. अर्जाच्या सुनावणीची पुढची तारीख १८ ला आहे. गाडी मीच नेतो, पडलेल्या त्या माणसाला तासभर बसवत नाही म्हणून मागची सीट आडवी करून ठेवलीय.