हत्ती चिकटवला म्हणून डेल्टा ‘इंटेग्राले’ होत नाही

रविवारी सकाळी ताईने एक व्हिडिओ पाठवला. वर ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ असा शिक्का, आणि खाली तिचं एकच वाक्य: “आपला पिंट्या हीच घेतोय, बघ.”

पिंट्या म्हणजे माझा भाचा. म्युनिकला नोकरीला आहे आणि चार वर्षं पैसे साठवून एका जुन्या गाडीच्या मागे लागलाय. व्हिडिओ पावणेदोन मिनिटांचा. मागे ढोल-ताशा, पुढे घसा ताणून ओरडणारा एक आवाज, आणि पडद्यावर लान्चिया या इटालियन कंपनीची जुनी गाडी, डेल्टा इंटेग्राले. दावे असे: ही गरिबांची फेरारी, आत इंजिनच फेरारीचं. हिने ड्रायव्हरचा जीव घेतला म्हणून जगाने हिच्यावर बंदी घातली. सहा वर्षं ही एकही रॅली, म्हणजे रस्त्यांवरची मोटारशर्यत, हरली नाही. जगात फक्त पाचशे बनल्या. पुढच्या जाळीवर हत्ती आहे तो आपला गणपती. आणि कळस म्हणजे शेवटचं वाक्य: ज्या डेल्टावर ‘एचएफ’ आणि हत्ती दिसेल ती डोळे झाकून घ्या, ती चारही चाकांवर ओढणारी रॅलीचीच गाडी.

डोळे झाकून. लोकांच्या घामाच्या पैशांवर हे लोक असे सल्ले देतात.

आधी बंदीचं बघू, कारण तिथे माझं डोकं सगळ्यात जास्त फिरलं. मेलेल्या माणसाच्या नावावर लाइक गोळा करायचे तर निदान गाडी तरी बरोबर दाखवा. २ मे १९८६ ला फ्रान्सच्या कॉर्सिका बेटावरच्या रॅलीत चालक हेन्री टोइव्होनेन आणि त्याचा सहचालक सर्जिओ क्रेस्टो गेले. डाव्या वळणावर गाडी रस्ता सोडून खाली गेली आणि पेटली. टोइव्होनेन २९ वर्षांचा होता. त्यांची गाडी होती डेल्टा एस४. व्हिडिओत दाखवतात ती इंटेग्राले. दोघींत सारखं काय, तर नाव आणि लांबून पाहिलं तर साधारण चेहरा. एका आडनावाची दोन घरं असतात, तसं.

एस४ ही मुळात हॅचबॅक नव्हतीच. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर हलक्या कॉम्पोझिटची कातडी, इंजिन सीटांच्या मागे. त्या इंजिनाला सुपरचार्जरही आणि टर्बोही, दोन्ही इंजिनात जादा हवा कोंबणारे: खालच्या वेगात एकाने दम द्यायचा, वरच्या वेगात दुसऱ्याने. क्षमता १७५९ सीसी. हा विचित्र आकडा का? नियमाप्रमाणे असल्या इंजिनाची क्षमता १.४ ने गुणायची, आणि १७५९ गुणिले १.४ म्हणजे जेमतेम २४६३, अडीच हजारांच्या गटात अलगद बसणारी. त्या गटात गाडी जास्त हलकी ठेवता येत होती. म्हणजे ही गाडी नियमपुस्तकाच्या समासात बसून आखलेली. ग्रुप बी या रॅलीच्या गटासाठी अशा २०० गाड्या बनवून दाखवल्या की झालं. टोइव्होनेन गेल्यावर फिसाने, म्हणजे शर्यतींचे नियम करणाऱ्या संस्थेने, १९८७ पासून ग्रुप बी च्या गाड्यांना जागतिक रॅलीचं दार बंद केलं.

आणि इंटेग्राले बाजारात कधी आली? १९८७ च्या शेवटी. मूल जन्मायच्या आधीच त्याला शाळेतून काढून टाकल्यासारखं झालं हे! उलट ग्रुप बी बंद झाला म्हणूनच हिचं घराणं पुढे आलं. आता ग्रुप ए, म्हणजे शोरूममध्ये खरोखर विकल्या जाणाऱ्या गाड्या, आणि लान्चियाकडे डेल्टा एचएफ ४डब्ल्यूडी तयार होती. तिच्याच पोटी पुढे इंटेग्राले.

हे मी ऐकीव सांगत नाही. रॅलीत उतरणाऱ्या प्रत्येक मॉडेलचा होमोलोगेशनचा, म्हणजे मान्यतेचा, कागद असतो. इंजिन कुठे बसवलंय, सिलिंडरचा व्यास किती, स्ट्रोक किती, सगळं त्यात लिहिलेलं असतं. एस४ चे आकडे ८८.५ आणि ७१.५ मिलिमीटर. इंटेग्रालेचे ८४ आणि ९०, म्हणजे १९९५ सीसी, आणि इंजिन पुढे, आडवं. दहावीच्या पोराला गुणाकार करायला सांगा. दोन गाड्या आहेत की एक, हे त्याला कळेल. व्हिडिओवाल्याला कळलेलं नाही.

पाचशे गाड्यांचा दावाही तिथेच निकालात निघतो. ग्रुप ए ची अटच होती की बारा महिन्यांत ५००० गाड्या बनल्या पाहिजेत. पाचशेच बनल्या असत्या तर हिला रॅलीत कोणी उभंच केलं नसतं. मार्टिनी (लान्चियाच्या रॅली संघाची प्रायोजक कंपनी) पट्ट्यांच्या वगैरे मर्यादित आवृत्त्या काहीशेंच्या होत्या, त्यातलाच एखादा आकडा उचलून कोणीतरी सगळ्या गाडीला चिकटवला असणार.

फेरारीचं इंजिन? नाही. लान्चियाच्या स्ट्रॅटोसमध्ये फेरारीचं होतं, थेमा ८.३२ मध्येही त्याच घराण्यातलं होतं. डेल्टात नाही. डेल्टाचं इंजिन फियाटच्या ट्विन-कॅम घराण्यातलं. ते १९६६ पासून आधी फियाट १२४ च्या स्पोर्ट गाड्यांत आलं. (आपल्याकडची प्रीमियर ११८ एनई याच १२४ च्या साच्यातली, फक्त तिच्या नशिबी निसानचं इंजिन आलं.) आता नाइलाजाने एक कबूल करतो: हे ट्विन-कॅम ज्यांनी रेखाटलं ते ऑरेलिओ लाम्प्रेदी आधी फेरारीतच होते, आणि १९५२-५३ ला फेरारीला जगज्जेतं करणारं चार सिलिंडरचं इंजिन त्यांचंच. म्हणजे डोकं फेरारीतून आलेलं. इंजिन नाही.

‘एकही रॅली हरली नाही’ यावर फार वेळ घालवत नाही. १९८७ ला, हिच्या आधीची एचएफ ४डब्ल्यूडी धावत होती तेव्हा, स्वीडनमध्ये टिमो सालोनेनची माझ्दा जिंकली. त्याच वर्षी कॉर्सिकात बर्नार बेगँची बीएमडब्ल्यू एम३ जिंकली, आणि ती तर फक्त मागच्या चाकांवर चालणारी. १९९० आणि १९९२ ला चालकांचा जागतिक किताब कार्लोस साइन्झने टोयोटातून नेला. सहाचा आकडा मात्र खरा आहे: १९८७ ते १९९२, सलग सहा वर्षं, उत्पादकांचा किताब लान्चियाचा. चालकांचे चार, त्यातले दोन युहा कांकुनेनचे आणि दोन मिकी बियाझिऑनचे. बियाझिऑनने तर १९८८ आणि १९८९ ला आफ्रिकेतली सफारी रॅलीही इंटेग्रालेतून मारली, जिथे भल्याभल्या गाड्यांचे सस्पेन्शन वाटेत गळून पडत. एवढं खरं हाताशी असताना खोटं कशाला लागतं, देव जाणे.

आता गणपती. हे ऐकून मी चहा बाजूला ठेवला. एचएफ म्हणजे हाय फिडेलिटी. लान्चियाच्या शर्यतींच्या गाड्यांवर हत्ती पन्नासच्या दशकापासून आहे, तो कंपनीचे तेव्हाचे प्रमुख जानी लान्चिया यांच्या काळात आला. गंमत म्हणजे सोंड वर करून धावणारा हत्ती शुभ, अशी पूर्वेकडची समजूत आहे म्हणून तो निवडला, असं लान्चियाचे लोकच सांगत आले आहेत. तेव्हा व्हिडिओवाल्याला इथे अर्धा गुण देतो. पण शुभ हत्ती म्हणजे गणपती नव्हे, आणि धावणारा तर नव्हेच. आपला बसलेला असतो.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण शेवटचं वाक्य, ‘एचएफ दिसलं की डोळे झाकून घ्या’, त्याने पिंट्याचे ११ हजार युरो जाणार होते.

मी त्याला लगेच फोन लावला. तो गाडीपाशीच होता. पांढरी डेल्टा, बाजूने निळे-लाल मार्टिनी पट्टे, पुढे एचएफ, हत्ती, सगळं व्हिडिओतल्यासारखं. पोरगा हरखलेला.

“गाडीखाली झोप,” मी म्हटलं.

“मामा, ओलं आहे इथे. जीन्स नवीन आहे.”

“झोप म्हणतो ना.”

शेवटी नुसता हात खाली घालून त्याने फोन मागच्या दोन चाकांच्या मधे धरला. अंधार, मग टॉर्च, मग सायलेन्सरचा पाइप, थोडा चिखल. बस. जीपच्या मागच्या ॲक्सलवर असतो तसा डिफरन्शियलचा, म्हणजे चाकांत जोर वाटणारा, गोळा नाही. पुढून मागे येणारा प्रोपेलर शाफ्ट नाही. मागची चाकं फक्त पुढच्यांच्या मागोमाग फिरणारी. मग मी त्याला नोंदणीचा कागद काढायला लावला. जर्मनीत त्यावर पी.१ या रकान्यात इंजिनाची क्षमता असते. तिथे १५८५.

ही डेल्टा एचएफ टर्बो. सोळाशेचं इंजिन, टर्बो, पण जोर पुढच्या दोनच चाकांना. एचएफ हे अक्षर हिच्यावरही आहे आणि ते खोटं नाही, कंपनीनेच लावलेलं. इंटेग्रालेची सगळी कमाई मात्र त्याच जागेत आहे जिथे पिंट्याला चिखल दिसला. डेल्टा मुळात इटालियन डिझायनर जुजारोने रेखाटलेली, १९७९ ला आलेली, पुढच्या चाकांवर चालणारी चार माणसांची साधी गाडी. इंटेग्राले करताना तिच्या पोटात मधे एक डिफरन्शियल आणि त्याला लगाम घालणारं व्हिस्कस कपलिंग, मागे टॉर्सन डिफरन्शियल, पकड असलेल्या चाकाला जास्त जोर देणारं. आधी जोर पुढे ५६ आणि मागे ४४ टक्के जाई. सोळा व्हॉल्व्हच्या आवृत्तीपासून पुढे ४७, मागे ५३. वळणातून बाहेर पडताना गाडी नाकाने बाहेर पळायची, ते यामुळे कमी झालं. हे सगळं काढलं तर उरतं काय? पट्टे.

आणि नुसत्या नजरेवर जाऊ नका. इंटेग्रालेच्या चाकांवरच्या कमानी फुगीर असतात, पण तिच्या आधीची एचएफ ४डब्ल्यूडी दिसायला सडपातळ असूनही चारही चाकांची. इव्होल्युझिओने या तिच्या शेवटच्या आवृत्तीच्या कमानी आणखी रुंद आणि चाकाला पाच नट, त्याआधी चार. कमानी बाहेरून बसवता येतात, नट मोजायला वाकावं लागतं, आणि मागचा गोळा बघायला आडवं व्हावं लागतं. याला दुसरा इलाज नाही.

विकणाऱ्याला मी दोष देत नाही. पिंट्याने जाहिरात वाचून दाखवली: ‘डेल्टा एचएफ’, एवढंच लिहिलेलं. ‘इंटेग्राले’ हा शब्दच नव्हता. तो शब्द आमच्या पोराच्या डोक्यात व्हिडिओने भरला.

पिंट्या थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मामा, पण ही पण बरी आहे ना?” बरी आहेच. म्हटलं, घ्यायची तर एचएफ टर्बो म्हणून घे, एचएफ टर्बोच्या भावात घे. पुढच्या काचेच्या वरच्या कोपऱ्यात, खांब आणि छत जुळतं तिथे रंगाला केसासारखी चीर आहे का बघ. या अंगाच्या गाड्या तिथे पिळवटतात. रबर उचलून गंज बघ. टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याची पावती माग. पावती नसेल तर बेल्ट बदललेला नाही असं धर.

हे सगळं लिहून मी ताईला पाठवलं, म्हटलं ग्रुपवर टाक. तिचं उत्तर आलं: “एवढं कोण वाचणार? बोलून रेकॉर्ड कर. आणि मागे काहीतरी वाजू दे.”