त्यांना परत आणा आणि कोर्टात उभं करा

परवा रात्री ताईशी फोनवर पाऊण तास वाद झाला. दोघींचेही आवाज चढले. शेवटी "बरं, ठेवते आता" म्हणून तिनेच फोन ठेवला. विषय होता आयसिसमध्ये सामील व्हायला आपापले देश सोडून सिरियात गेलेल्या माणसांचा, त्यांच्या बायकांचा आणि तिथेच जन्मलेल्या त्यांच्या मुलांचा. त्यांच्या देशांनी त्यांना परत घ्यावं की नाही? ताईचं उत्तर ठाम होतं, "स्वतःच्या पायांनी गेले ना? मग तिथेच राहू देत." मी म्हणत होते, परत आणा. फोनवर मला ते धड मांडता आलं नाही, शब्दाला शब्द वाढत गेला. म्हणून इथे सविस्तर लिहितेय. ताई, तू वाचशीलच.

आधी एक कबूल करते. आज ताई जे म्हणतेय ते काही वर्षांपूर्वी मीच म्हणत होते, तिच्यापेक्षा जास्त तावातावाने. नोव्हेंबर २०१५ मध्ये पॅरिसवर हल्ला झाला, १३० माणसं जिवानिशी गेली. हल्लेखोरांपैकी कित्येक जण सिरियात राहून, तिथे हत्यार चालवायला शिकून परतलेले होते. त्याच्या दीड वर्ष आधी, मे २०१४ मध्ये, ब्रसेल्सच्या ज्यू संग्रहालयात चार जणांना गोळ्या घालणारा मेहदी नेमूश हाही सिरियाहून आलेला. त्यामुळे परतणाऱ्यांची भीती वाटते असं कुणी म्हणालं तर मी त्याला माणुसकीशून्य म्हणणार नाही. भीती खरी आहे आणि तिच्यामागे मेलेली माणसं आहेत.

पण ही माणसं परतली कशी, ते बघा. कुठल्याही सरकारने त्यांना विमानात बसवून आणलेलं नव्हतं. पॅरिसच्या हल्ल्याचा एक सूत्रधार अब्देलहमीद अबाऊद बेल्जियमचा नागरिक. त्याला बेल्जियमच्या कोर्टाने जुलै २०१५ मध्ये २० वर्षांची शिक्षा सुनावली होती, पण ती त्याच्या गैरहजेरीत. चार महिन्यांनी हा माणूस पॅरिसमध्ये होता. कागदावर २० वर्षांचा कैदी, प्रत्यक्षात मोकळा. ज्याला यायचंच असतं तो चोरवाटेने येतो, खोट्या नावाने येतो, आणि आला हे कळतं तेव्हा वेळ गेलेली असते. विमानाच्या शिडीखाली बेड्या घेऊन पोलीस उभे असताना उतरणारा माणूस वेगळा आणि अंधारात सीमा ओलांडणारा वेगळा. आपण घाबरतो दुसऱ्याला आणि दार लावून घेतो पहिल्यासाठी.

ब्रिटनचंच बघा. तिथल्या सरकारच्याच हिशेबाने सुमारे ९०० जण सिरिया-इराकच्या युद्धात गेले आणि त्यातले जवळपास ४० टक्के परत आले. नागरिकत्व काढून घेण्यावरून खरा गदारोळ उठला तो २०१९ मध्ये. तोवर हे शेकडो लोक घरी पोहोचलेलेच होते. आणि गदारोळ कुणावरून? आयसिस हरल्यावर सिरियातल्या छावणीत बसलेल्या एका १९ वर्षांच्या मुलीवरून.

शमीमा बेगम. फेब्रुवारी २०१५ मध्ये ती शाळेतल्या दोन मैत्रिणींबरोबर लंडनहून निघाली. वय १५. तिकडे पोहोचल्यावर काही दिवसांतच तिचं एका आयसिसवाल्याशी लग्न लावून दिलं गेलं. चार वर्षांनी एका पत्रकाराला ती छावणीत सापडली, पोटात तिसरं मूल. आधीची दोन दगावलेली. तिने दिलेल्या मुलाखती मी बघितल्या आहेत. पश्चात्तापाचा लवलेश नसलेली तिची वाक्यं ऐकून माझं डोकं तडकलं होतं, आजही ती आठवली की राग येतो. तेव्हाचे गृहमंत्री साजिद जाविद यांनी तिचं नागरिकत्व काढून घेतलं. काही आठवड्यांतच छावणीत जन्मलेला तिचा मुलगाही गेला. तो मात्र जन्माने ब्रिटिश होता, कारण आईचं नागरिकत्व जाण्याआधीच तो जन्मला होता. असल्या प्रश्नांवर वकील भांडू शकतात, पण न्यूमोनिया थांबत नाही. पुढे २०२३ मध्ये विशेष न्यायाधिकरणाने असंही म्हटलं की लैंगिक शोषणासाठी तिची तस्करी झाली असावी असा सबळ संशय घेण्यास जागा आहे. तरीही निकाल सरकारच्या बाजूनेच लागला आणि २०२४ मध्ये तिचं पुढचं अपीलही फेटाळलं गेलं.

मला तिची बाजू लढवायची नाही. ती दोषी असेल, अगदी पक्की दोषी असेल. पण हे ठरवायचं कुणी? पुरावा, साक्षीदार, उलटतपासणी आणि मग निकाल, असं काही झालंच नाही. तिच्याबद्दल इतके निकाल लागले, आणि त्यातल्या एकाही निकालाने ती कोणत्या गुन्ह्याची दोषी आहे हे सांगितलं नाही. सगळे खटले तिच्या पासपोर्टचे.

आणि नागरिकत्व काढता येतं ते सरसकट सगळ्यांचं नाही. माणूस बिनदेशाचा होऊ नये म्हणून कायदा साधारणपणे अशांनाच हात लावू देतो, ज्यांना दुसऱ्या एखाद्या देशाचं नागरिकत्व आहे किंवा सांगता येईल. म्हणजे व्यवहारात स्थलांतरितांची मुलं. एकाच वर्गात शिकलेले दोन मित्र एकाच दिवशी एकाच संघटनेत गेले, तर ज्याचे आजी-आजोबा इथलेच तो कायम नागरिक, आणि ज्याचे आईबाप बाहेरून आलेले त्याचं नागरिकत्व मंत्र्याच्या सहीवर. शमीमाच्या बाबतीत सांगितलं गेलं, आईवडिलांमुळे ती बांगलादेशी ठरते. बांगलादेशने लगेच हात वर केले, ती आमची नागरिक नाही आणि तिला इथे घेण्याचा प्रश्नच येत नाही. फ्रान्सनेही पॅरिसच्या हल्ल्यानंतर घटनाच बदलून असा अधिकार घ्यायचं ठरवलं होतं. त्याला विरोध म्हणून कायदामंत्री क्रिस्तियान तोबिरा यांनी जानेवारी २०१६ मध्ये राजीनामा दिला आणि दोन महिन्यांत तो प्रस्ताव बारगळला. मला त्या राजीनाम्याचं फार मोल वाटतं. हल्ल्याच्या जखमा ओल्या असताना असं उभं राहायला धैर्य लागतं.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये तर या नादात उघड जुंपली. एक बाई, जन्म न्यूझीलंडचा, पण वयाच्या सहाव्या वर्षापासून वाढलेली ऑस्ट्रेलियात, आणि सिरियाला गेली तीही ऑस्ट्रेलियातूनच. ऑस्ट्रेलियाने तिचं नागरिकत्व काढून घेतलं आणि ती आपोआप न्यूझीलंडच्या गळ्यात पडली. २०२१ मध्ये न्यूझीलंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न यांनी जाहीरपणे सुनावलं की ऑस्ट्रेलियाने जबाबदारी झटकली आहे. शेवटी त्यांनीच तिला आणि तिच्या मुलांना घेतलं. जो आधी सही करेल तो सुटला, असा हा खेळ.

आता मूळ मुद्द्याकडे येते, ज्यामुळे माझं मत बदललं. मी अमुक माणूस गरीब बिचारा आहे म्हणून बदलले नाही. म्युनिकच्या एका खटल्याच्या बातम्या वाचून बदलले.

ऑगस्ट २०१४ मध्ये आयसिसने उत्तर इराकमधल्या सिंजारमध्ये यझिदी या अल्पसंख्याक धर्माच्या लोकांच्या गावांवर हल्ला केला. पुरुषांना मारलं, हजारो बायका-मुलींना गुलाम म्हणून विकलं. त्यातली एक आई आणि तिची पाच वर्षांची मुलगी. पुढच्या वर्षी इराकमधल्या फलुजा शहरात एका इराकी पुरुषाच्या आणि त्याच्या जर्मन बायकोच्या घरी त्या दोघी गुलाम होत्या. मुलगी आजारी होती, तिने अंथरूण ओलं केलं. शिक्षा म्हणून त्या पुरुषाने तिला भर उन्हात बाहेर खिडकीला बांधून ठेवलं. घरात पाणी होतं. मूल तहानेने मेलं. आई तिथेच होती. जर्मन बाईने काहीही केलं नाही.

ही बाई पुढे जर्मनीला परतली. वर्ष-दोन वर्षं तिला कुणी काही करू शकलं नाही, पुरावाच नव्हता. २०१८ मध्ये ती पुन्हा सिरियाकडे निघाली. ज्याच्या गाडीत बसली तो पोलिसांचा खबऱ्या होता आणि वाटेत तिने त्याला त्या मुलीची हकीकत स्वतःच्या तोंडाने सांगितली. गाडीत सगळं रेकॉर्ड होत होतं. म्युनिकमध्ये खटला उभा राहिला. आणि ती आई सापडली. जिवंत होती. तिने कोर्टात येऊन साक्ष दिली. बाईला आधी १० वर्षांची शिक्षा झाली, वरच्या कोर्टाने ती कमी ठरवल्यावर २०२३ मध्ये ती १४ वर्षांची झाली. नवऱ्याला ग्रीसमधून आणलं आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये फ्रँकफर्टच्या कोर्टाने त्याला वंशसंहाराच्या गुन्ह्यासाठी जन्मठेप दिली. यझिदींचा वंशसंहार केला म्हणून जगात कुणालाही झालेली ती पहिली शिक्षा.

ताई, आता मला सांग, ती बाई फलुजात किंवा एखाद्या छावणीत "तिथेच राहिली" असती तर त्या आईला काय मिळालं असतं? तंबूत राहणं ही शिक्षा कुणाच्या नावाने होती, कोणत्या मुलीसाठी होती? तिथे सगळ्यांना एकच तंबू. जिने मूल मरताना बघितलं तिलाही आणि जी १५व्या वर्षी फसून गेली तिलाही. गुन्ह्याला नाव कोर्टातच मिळतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वीडनमध्येही एका परतलेल्या बाईला यझिदी बायका-मुलांना गुलाम केल्याबद्दल १२ वर्षांची शिक्षा झाली. परत आली म्हणून झाली.

पुराव्यांची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. युद्धभूमीवर पंचनामे होत नाहीत. काही जण सुटतील, काहींना हलकी शिक्षा होईल आणि ते बघून माझाही जळफळाट होईल. पण सरकारी वकील मनावर घेतात तेव्हा वाट निघते. जर्मनीत काही बायकांवर लुटीचा युद्धगुन्हा सिद्ध झाला, कारण त्या जीव वाचवून पळालेल्या कुटुंबांच्या बळकावलेल्या घरांत संसार थाटून बसल्या होत्या. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात, कुणाच्या तरी भांड्यांत जेवत. कुणीतरी त्या घराचा मालक शोधण्याइतकं बारीक काम केलं.

दुसरं, "तिथेच राहू देत" म्हणजे कुणाच्या जिवावर? आयसिसशी जमिनीवर लढले ते कुर्दांच्या नेतृत्वाखालचे लढवय्ये, त्यांच्या सांगण्यानुसार त्यांची ११ हजार माणसं त्यात पडली. २०१९ मध्ये बागूझ हा आयसिसचा सिरियातला शेवटचा गड पडला आणि कुर्दांच्या ताब्यातल्या एकट्या अल-होल छावणीत ७० हजारांवर माणसं कोंबली गेली, त्यातली बहुसंख्य मुलं. श्रीमंत देशांचे कैदी या लोकांनी वर्षानुवर्षं सांभाळले. जानेवारी २०२२ मध्ये सिरियातल्या हसाका शहराच्या तुरुंगावर आयसिसने हल्ला केला, दहाएक दिवस लढाई चालली, शेकडो माणसं मेली. त्या तुरुंगात शेकडो अल्पवयीन मुलगेही होते. डिसेंबर २०२४ मध्ये सिरियातली असदची राजवट काही दिवसांत कोसळली. अशा ठिकाणी आज ज्याच्या हातात किल्ली आहे त्याच्याच हातात ती उद्या असेल, यावर स्वतःच्या देशाची सुरक्षा सोपवायची?

कझाकस्तान काही श्रीमंत लोकशाही नाही. पण २०१९ मध्ये त्यांनी सहाशेच्या आसपास नागरिक विमानांनी परत आणले, त्यात चारशेहून अधिक मुलं. पुरुषांना अटक झाली, बायका-मुलांना आधी एका केंद्रात ठेवलं. मोहिमेला नाव दिलं "झुसान". ही दवण्याच्या कुळातली, त्यांच्या गवताळ मैदानांवर उगवणारी कडू वनस्पती, जिच्या वासाने माणसाला मातीची आठवण येते असं तिकडे मानतात.

नॉर्वेने जानेवारी २०२० मध्ये एका बाईला तिच्या दोन मुलांसह आणलं, कारण पाच वर्षांचा मुलगा खूप आजारी असल्याचं सांगितलं जात होतं. तेवढ्यावरून एक पक्ष सरकारमधून बाहेर पडला. बाईला विमानतळावरच अटक झाली, पुढे शिक्षाही झाली. बाकी काही आकाश कोसळलं नाही.

आणि मुलगे. छावण्यांमध्ये मुलगा बारा-तेरा वर्षांचा झाला की त्याला आईपासून उचलून न्यायचे, कधी वेगळ्या केंद्रात, कधी सरळ मोठ्यांच्या तुरुंगात. ओठांवर लव दिसायला लागली की आया घाबरायच्या, मुलाचं वय कमी सांगायच्या. पोरगं उंच होऊ नये असं वाटणारी आई मला कल्पनेतही सहन होत नाही.

फोन ठेवण्याआधी ताईने विचारलं होतं, "तुझ्या शेजारी राहायला आले तर चालेल का तुला?" मी तेव्हा गप्प बसले. आज उत्तर देते. शिक्षा भोगून सुटलेली बाई शेजारी आली तर मला भीती वाटेल. दाराला दोनदा कडी लावेन. पण पोलिसांना तिचा पत्ता ठाऊक असेल आणि मलाही ती कोण हे ठाऊक असेल. अबाऊदच्या शेजाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं.

आणि मुलांसाठी मात्र मी थांबून विचारही करणार नाही. ताई, तू २२ वर्षं पहिलीचा वर्ग घेतेस. वर्गात तंबूत जन्मलेला, पाच वर्षांचा, कुठलीच भाषा नीट न येणारा मुलगा आला, तर तू त्याला कुठल्या बाकावर बसवशील, हे मला माहीत आहे.